ज्यानं तेल भरलं, त्यानं आधी उतरायचं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. सायकलच्या ब्रेकमध्ये हवा शिरते ना, तसे ते शिरतात. केव्हा शिरले कळत नाही, आणि एक दिवस लीव्हर दाबला की जाणवतं, अरेच्चा, आत बरंच साचलंय की! आमच्या शनिवारच्या सायकल कंपूचं तेच झालं. सांगायला बसलो की निम्मे किस्से एकाच विषयाचे निघतात: ब्रेकमध्ये तेल कुठलं घालायचं. लोक हसतात. पूर्वी मीही हसायचो.

विषय एवढाच आहे. आमच्या सायकलींच्या डिस्क ब्रेकमध्ये तार नसते, बारीक नळीतून तेल असतं. त्यात हवा गेली की लीव्हर लिबलिबीत होतो. मग हवेसकट जुनं तेल काढायचं आणि नवं भरायचं, याला ब्लीडिंग म्हणतात. तेलं दोन प्रकारची. एक मिनरल ऑइल, आणि दुसरं मोटारींच्या ब्रेकमधलं डॉट फ्लुइड. ज्या ब्रेकला जे सांगितलंय तेच घालायचं. चुकलं तर आतली रबरं फुगतात, आणि ब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही.

कंपूत आम्ही तिघे. मी सुधीर, शारजात अल मजाजला टॉवरमध्ये राहतो, एका कंपनीत पर्चेस बघतो. गिरीश दुबई सिलिकॉन ओएसिसचा, सॉफ्टवेअरवाला, माझा पुण्यापासूनचा मित्र. आणि संतोष परब, मालवणकडचा, अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या यार्डात हायड्रॉलिक फिटर. कुणी एक इंजिनियर भारतात परत जाताना त्याला आपली सायकल देऊन गेला, त्या सायकलवरून तो आमच्यात आला. मला तो साहेब म्हणतो. ते सोड म्हणून किती वेळा सांगितलं, त्यानं सोडलं नाही.

*

गिरीशनं पहिल्यांदा घरी ब्लीडिंग करायचं ठरवलं तेव्हा महिनाभर नुसता अभ्यास केला. एक्सेल शीट बनवलं. कुठलं तेल किती डिग्रीला उकळतं, पाणी शोषल्यावर किती डिग्रीला उकळतं, शारजाच्या ऑगस्टमध्ये काय होईल! रोज ऑफिसच्या वेळात मला मेसेज: "सुध्या, डॉट फोर घेऊ की फाइव्ह पॉइंट वन?"

शेवटी एका शनिवारी संतोषनं त्याला विचारलं, "गिरीशभाऊ, तुमच्या लीव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय?"

गिरीशनं चष्मा वर करून वाकून पाहिलं. झाकणावर कोरलेलं होतं: फक्त मिनरल ऑइल.

"खलास!" संतोष म्हणाला आणि पुढे निघून गेला. ते शीट गिरीशकडे अजून आहे, रंगीत टॅबसकट.

*

माझी तऱ्हा उलटी. मी काहीच वाचत नाही. तेल ते तेल, हे माझं धोरण. ब्रेकचं तेल विचारायला गेलो तर एवढीशी बाटली पंचेचाळीस दिरहम. मी दुकानातच मोठ्यानं म्हणालो, "म्हणजे हजाराच्या वर रुपये!" आणि तसाच घरी आलो. घरी सासूबाईंनी पाठवलेलं खोबरेल होतं. घाण्याचं, शुद्ध. ते भरलं.

ब्रेक लोण्यासारखा लागला. मी खूश. सायकल हॉलमध्ये उभी केली, एसी वीसवर लावला आणि दुपारी ताणून दिली. उठून पाहतो तर लीव्हर दगड! दोन हातांनी दाबला तरी हलेना. नळीतलं खोबरेल थिजलं होतं.

माझी बायको अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. "उन्हात ठेव," म्हणाली. "बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, फुकट आहे."

ते खोबरेल काढायला संतोषला दोन रविवार लागले. तो मला बोलला नाही एका शब्दानं. बोलला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

*

संतोषचा एक नियम होता. ज्यानं तेल भरलं, त्यानं आधी उतरायचं. ब्रेक नवा भरला की तो सायकल आमच्या टॉवरच्या बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर न्यायचा आणि स्वतः चपला घालून पी-वनपासून पी-थ्रीपर्यंत सुसाट जायचा. खाली समोर भिंत. भिंतीच्या हातभर अलीकडे थांबायचा, मग सायकल मालकाला द्यायचा.

आमचा वॉचमन पेशावरचा, खानसाब. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धावत आला. "अरे भाई, मरेगा क्या? जिसकी सायकल है उसको भेजो ना!"

"तेल मैंने डाला है," संतोष म्हणाला.

खानसाबनं जरा विचार केला आणि बाजूला झाला. त्या दिवसानंतर संतोष आला की तोच रॅम्पवरच्या गाड्या थांबवायचा.

एकदा चहा पिताना मी विचारलं, हे खूळ कुठून आलं? संतोष कपातच बघत बोलला. पूर्वीच्या एका यार्डात बबन म्हणून त्याचा जोडीदार होता. कुणीतरी बिननावाच्या कॅनमधलं तेल जॅकमध्ये भरलं. भरणारा जेवायला गेला आणि बबन गाडीखाली गेला. बबन आता कणकवलीला असतो, कुबडी घेऊन किराणा दुकान चालवतो.

"खाली आपण जायचं असलं ना साहेब, की हात आपोआप नीट चालतात," तो म्हणाला.

*

बाटल्यांचं सांगायलाच हवं. आमच्या घरात कुठलीच वस्तू आपल्या मूळ डब्यात नसते. गावाहून आलेलं तूप लोणच्याच्या बरणीत, लोणचं प्रोटीन पावडरच्या डब्यात, गोडा मसाला बेबी फूडच्या टिनमध्ये. अनघाला वासावरून सगळं कळतं. मीही तीच पद्धत बाल्कनीत चालवली. गाडीसाठी आणलेलं डॉट आणि सायकलीचं मिनरल ऑइल, दोन्ही मोठ्या कॅनमधून गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये ओतून ठेवलं.

संतोषनं ती रांग पाहिली. "साहेब, ह्यात काय? आणि त्यात?"

"थांब, आठवून सांगतो," मी म्हणालो.

तो आत गेला, दोन वाट्यांत पाणी घेऊन आला, आणि एकेका बाटलीतला थेंब एकेका वाटीत टाकला. एका वाटीत थेंब तरंगला. दुसऱ्या वाटीत पाण्यात मिसळून नाहीसा झाला. "तरंगतं ते मिनरल. नाहीसं होतं ते डॉट. विषारी असतं हां हे." मग माझ्याकडून मार्करनं दोन्ही बाटल्यांवर नावं लिहून घेतली.

अनघा बाहेर आली. "वाट्या माझ्या का?"

संतोषनं वाट्या माझ्याकडे सरकवल्या.

"मग आता ह्यात पहिली आमटी तूच प्यायची, सुधीर," ती म्हणाली. "तेल तुझं आहे ना!" मग तिनं दोन्ही वाट्या कचऱ्यात टाकल्या.

*

गेल्या हिवाळ्यात गिरीशची मुलगी इरा तेरा वर्षांची झाली, आणि तिनं बाबाकडे एकच गोष्ट मागितली: जेबेल जैस डोंगराचा घाट सायकलवरून उतरायचा. गाडीनं वर जायचं, आणि मग मैलोन्मैल उतार, वळणावर वळण. गिरीशनं खूप आढेवेढे घेतले, शेवटी कबूल झाला. तिच्या सायकलचं ब्लीडिंग मीच मागून घेतलं; ब्रेक मिनरल ऑइलचेच. मला ती मुलगी फार आवडते. आम्हाला मूल नाही.

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बाल्कनीत बसलो. बाटल्या काढल्या. दोन्हींवरचा मार्कर तेलकट हातांनी पुसून गेला होता. संतोषचे थेंब आठवले. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. पण अनघाच्या मैत्रिणी आलेल्या, आत जाऊन वाटी कुठे मागायची? मी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या, एक निवडली आणि भरली. तेल ते तेल. लीव्हर छान कडक लागला. रॅम्पवर संध्याकाळची गाड्यांची गर्दी होती, म्हणून तेही राहिलं.

शनिवारी सकाळी घाटावर गार वारा होता. इरानं सायकल उतरवली, लीव्हर दाबला, सोडला. "काका, इट्स नॉट कमिंग बॅक प्रॉपरली."

"नवीन तेल आहे, बसेल," गिरीश म्हणाला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

संतोषनं माझ्याकडे पाहिलं. "साहेब, रॅम्प केलात ना?"

"केला," मी म्हणालो.

का म्हणालो? लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही. इरानं हेल्मेट घातलं, पट्ट्याचा चाप खट्कन लावला. आठवतंय, तिनं हातमोजे घालताना दातांनी ओढले. गिरीश मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घ्यायला पुढे गेला. "यल्ला इरा, गो!"

मी तिची सीट धरली. दोन्ही हातांनी.

"नाही केला," मी म्हणालो. "रॅम्प नाही केला. आणि तेल कुठलं तेही मला माहीत नाही."

संतोषनं सायकल आडवी घेतली, किटमधून पाना काढला, लीव्हरवरचा बारीक स्क्रू सोडवला, आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकला. आम्ही चौघे त्या झाकणावर वाकलो.

थेंब नाहीसा झाला.

"वाचलंव रे म्हाराजा," संतोष पुटपुटला आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. इरा म्हणाली, "सो वुई आर नॉट गोइंग?" गिरीशनं तिचं हेल्मेट काढलं, सायकल गाडीत टाकली आणि गाडी सुरू केली. माझ्याशी तो बोलला नाही. संतोष त्यांच्या गाडीतून गेला. मी घाट एकटाच उतरलो, माझ्या गाडीतून.

*

पुढचे तीन शनिवार कुणाचा मेसेज आला नाही. मी केलेल्या मेसेजवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. गुलाबपाण्याच्या बाटल्या मी टाकून दिल्या. अनघा जेवताना एकदाच म्हणाली, "त्यांनी पुन्हा आपलं तोंड पाहिलं नाही तरी बोलायची सोय नाही आपल्याला." बरोबर होतं तिचं.

चौथ्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात गिरीश, इरा आणि इराची सायकल. सायकलला नवे कोरे ब्रेक, आणि गिरीशच्या हातात सीलबंद बाटली.

"या ना भावजी," अनघा म्हणाली. "चहा टाकते."

"नको वहिनी."

वीस वर्षांत गिरीशनं आमच्याकडे चहा नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. अनघानं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

गिरीशनं बाटली माझ्या हातात दिली. "तू भर," म्हणाला.

मी सील फोडलं. लीव्हरच्या झाकणावरचं वाचलं, बाटलीवरचं वाचलं, मग दोन्ही इराला मोठ्यानं वाचायला लावलं. वाटीत पाणी मागितलं. अनघानं आणून दिलं. थेंब तरंगला. पुढचा तासभर मी मान वर केली नाही. गिरीश बाल्कनीच्या कठड्याला टेकून खाडीकडे बघत उभा होता.

मग लिफ्टनं आम्ही खाली आलो. खानसाबनं आम्हाला पाहिलं आणि हात आडवा करून मागची गाडी थांबवली. मी सायकल रॅम्पच्या तोंडाशी नेली, पाय टाकणार, तर गिरीशनं हँडल धरलं.

"बाजूला हो."

"अरे, भरलं मी," मी म्हणालो. "आधी मी जायचं."

"माहितीये."

त्यानं माझा हात हँडलवरून काढला आणि सायकलवर बसला. इराची सायकल, सीट खाली, नव्वद किलोचा माणूस, गुडघे थेट कोपरांना. इरा म्हणाली, "बाबा, युवर हेल्मेट!" तोवर तो सुटला होता. पी-वन. वळण. पी-टू. मग दिसेनासा झाला. खानसाबचा हात तसाच आडवा. इरानं माझी बाही धरली होती, की मी तिची, मला आता सांगता येत नाही.

खालून डिस्क किंचाळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मग त्या रिकाम्या बेसमेंटमधून गिरीशचा आवाज घुमत वर आला.

"सुध्या! वहिनींना सांग, चहा टाका!"