कमलाची दहा बोटं

कमला तांबेला इंग्लंडला जायचं होतं. हसू नका. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडून चढ चढलं की जी बौद्धवाडी लागते, तिथली ही बाई, वय सेहेचाळीस, वीस वर्षं काजूच्या फॅक्टरीत बिया फोडणारी. आणि तिकडे जाऊन ती करणार काय होती, तर धावणार होती. वाडीत बातमी फुटली तेव्हा निम्म्या लोकांना ती थट्टा वाटली. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, तिकडे धावायला माणसं कमी पडली काय?

तर झालं होतं असं. कमलाची मुलगी रसिका पाच वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि तिची नजर गेली. पुढे अंधशाळेतल्या एका सरांनी तिला धावायला शिकवलं. बरोबर एक डोळस माणूस लागतो, दोघांच्या मनगटात हातभर दोरीची दोन टोकं, आणि पावलाला पाऊल लावून पळायचं. शाळा संपली, रसिका घरी आली, आणि बरोबर पळायला कोणी उरलं नाही. पोरगी दिवसभर पडवीत बसून पाय हलवत राहायची. चार महिने ते बघून कमला वैतागली. एका सकाळी तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चल गो बाय. मी धावतंय तुझ्यासोबत."

पहिल्या दिवशी दोघी मिळून तीनदा पडल्या. पण कमला चिवट. ओहोटीची वेळ बघून भाट्याच्या वाळूत उतरायचं, ओली घट्ट वाळू धरून सुरूच्या बनाच्या कडेकडेने पार टोकापर्यंत जायचं, परत यायचं, की तशीच आठच्या ठोक्याला फॅक्टरी. साडीचा पंजाबी ड्रेस झाला, चपलांचे बूट झाले. बायकांनी तोंडावर हात ठेवून हसून घेतलं आणि मग हसायचा कंटाळा आला तशा गप्प बसल्या. अशी सहा वर्षं गेली.

मुंबईची एक संस्था अंध मुलांसाठी काम करते. तिथल्या नम्रता मॅडमनी या मायलेकींना भाट्याच्या वाळूत धावताना पाहिलं आणि बोलावणंच पाठवलं. जूनमध्ये इंग्लंडात दहा किलोमीटरची धाव होती, अंध मुलांच्या शाळांसाठी मदत गोळा करायची. खर्च सगळा संस्थेचा. दोघींनी फक्त कागद करायचे आणि धावायचं. रसिकाचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरेनात. "आई, तिकडे हजार माणसं एकदम धावतात म्हणे," ती म्हणाली. "हजार माणसांच्या पावलांचा आवाज कसा येत असेल गो?"

कमलाला आवाजाचं काही पडलं नव्हतं. आपली पोरगी परक्या मुलखात धावणार आणि तिच्या मनगटाची दोरी आपल्या हातात असणार, एवढंच तिला पाहिजे होतं. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं निदान मला तरी माहीत नाही.

पासपोर्ट रत्नागिरीतच झाला. तिथल्या भल्या कारकुनाने कमलाची बोटं पाच-सहा वेळा काचेवर दाबून घेतली, कसंबसं काहीतरी उमटलं, काम झालं. तेव्हाच शंका यायला हवी होती. कारण काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी खातं. एरंडेल लावा, राख लावा, ते आपलं काम करतंच. वीस वर्षांत कमलाच्या बोटांच्या टोकांवर रेघ म्हणून राहिली नव्हती. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा कधीच घ्यायचं नाही. नवरा रामजी नोकरीला मुंबईत, त्यामुळे घरातलं धान्य रसिकाच्या अंगठ्यावर यायचं. पण कमलाने मनाशी ठरवून टाकलं होतं, की रेशनचं मशीन भिकार असतं, व्हिसाचं मशीन साहेबाचं, ते चांगलंच असणार. आता या भाबडेपणाला काय म्हणावं?

त्यात तिने आणखी एक करून ठेवलं. फॅक्टरीतल्या बायकांची एक रीत आहे. कोणाच्या लग्नाला जायचं असलं की आदल्या दिवशी हात "काढायचे". म्हणजे लिंबू, राख आणि नारळाचा काथ्या घेऊन बोटांवरचे काळे डाग निघेपर्यंत घासत बसायचं. मुंबईला व्हिसाच्या हापिसात जायचं, साहेबासमोर हात ठेवायचे, ते काळेकुट्ट कसे ठेवणार? कमलाने तास दीड तास हात घासले. डाग गेले. बोटं गुलाबी झाली, चुरचुरायला लागली, आणि अंगठ्यावर काही राहिलं असेल तर तेही काथ्याबरोबर गेलं. किती हौसेने घासले असतील बाईने!

मुंबईच्या त्या हापिसात थंडगार हवा होती आणि मशीनमागे एक शांत मुलगी होती. रामजी आणि नम्रता मॅडम बाहेर थांबलेले. रसिकाचं एका मिनिटात झालं. मग कमलाने हात ठेवले, दहाही बोटांचे ठसे लागत होते. मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवले. पुन्हा लाल. मुलीने ओलं फडकं दिलं, मग कोरडं दिलं, मग कमलाचं एकेक बोट स्वतः धरून दाबलं. डावी करंगळी आणि बाजूचं बोट तेवढं उमटलं.

"मावशी, बोटांना काय झालंय?" मुलीने विचारलं.

"काय नाय. स्वच्छ करून आणलेत," कमला म्हणाली.

त्या मुलीला वाईट वाटलं असणार, पण वाटून काय उपयोग? तिने सांगितलं, कातडी भरून येऊ दे, तीन आठवड्यांनी परत या. कमला बाहेर आली तेव्हा रामजीने विचारलं, काय झालं? तिने दोन्ही हात पुढे केले.

मग तीन आठवडे ते हात म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. फॅक्टरीला रजा. भांडी नाहीत, धुणं नाही, चूल नाही. दिवसातून चार वेळा खोबरेल. रसिका चाचपडत भाकऱ्या थापायची आणि आई पाटावर बसून नुसती बघायची. हाताला काम नसलेली बाई काय करणार, तर सारखी बोटं उजेडात धरून पाहायची. रसिकाला विचारायची, "तुला लागतात काय गो रेघा?" रसिका आपलं बोट आईच्या बोटांवरून फिरवायची. ती बोटाने वाचणारी मुलगी, तिला खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. "येतायत वाटतं," ती म्हणायची.

दुसऱ्या खेपेला सहा बोटं उमटली. चार नाहीत. हापिसाने शेरा मारून कागद पुढे पाठवला आणि मग काहीच आलं नाही. रसिकाचा पासपोर्ट व्हिसा लागून परत आला. कमलाचा येईना. नम्रता मॅडमनी फोन केले, मेल केले, ओळखी काढल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, विचाराधीन आहे. कोणाशी भांडायचं तेच कळत नव्हतं. समोर माणूस असता तर कमलाने त्याचे पाय धरले असते, नाहीतर चार शिव्या घातल्या असत्या. विचाराधीन या शब्दाचे पाय कुठे धरणार?

निघायला आठ दिवस राहिले आणि मॅडमचा फोन आला. आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, "कमलाताई, संस्थेबरोबर संस्कृती नावाची लांज्याची मुलगी येतेच आहे. कॉलेजकडून धावते. तिचा व्हिसा आहे. रसिकाबरोबर ती धावली तर? तुम्ही तिला शिकवाल का?"

कमला हो म्हणाली. फोन ठेवला आणि परसात जाऊन, जिथे रसिकाला ऐकू जाणार नाही अशा जागी, पोटभर रडली.

संस्कृती आली. वीस-एकवीसची, काटक, वागायला गोड. कमलाने मुकाट्याने दोरीचं टोक तिच्या मनगटात अडकवलं. पहिल्या दिवशी दोघींचं पाऊल जुळेना. रसिका तोंडावर आपटली, गुडघा सोलला. वाळूत बसूनच म्हणाली, "आईशिवाय मी जाणार नाही."

खरं सांगायचं तर कमलाला त्या क्षणी आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव थंड झाला. गप्प बसली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं आणि कोणी तिला बोल लावला नसता. थोडा वेळ ती गप्प बसलीही. मग स्वतःचीच लाज वाटली. तिने संस्कृतीला जवळ बोलावलं आणि एकेक सांगायला लागली. हिचा डावा पाय आत पडतो, म्हणून दोरी थोडी बाहेर ओढून ठेव. वळणाच्या दोन पावलं आधी सांग, वळताना नको. खड्डा असला तर "खड्डा" म्हणू नको, घाबरते, नुसतं "उचल" म्हण. सहा वर्षांचं सगळं तिने अर्ध्या तासात देऊन टाकलं.

तिसऱ्या दिवशी ओहोटी पहाटेच लागली होती. दोघी पळाल्या. कमला नेहमीच्या सवयीने बाजूने धावायला लागली. पन्नास पावलांत मागे पडली. शंभर पावलांत तिला त्यांच्या पाठी दिसायला लागल्या. ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून बघत राहिली. रसिकाला असं धावताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती नेहमी शेजारी असायची, बघणार कुठून? टोकापर्यंत जायला मायलेकींना अकरा मिनिटं लागायची. मोबाईलमध्ये बघितलं तर आठसुद्धा पुरती झाली नव्हती, आणि दोघी तिकडे पोचून परत वळल्या होत्या.

रसिका आली ती धापा टाकत, हसत. "किती मिनिटं लागली गो आई?"

कमलाने सांगितलं नाही. संस्कृती बाटलीतलं पाणी प्यायला बाजूला गेली, तेव्हा हळूच विचारलं, "बाय, माझ्याबरोबर तू हळू धावायचीस काय?"

रसिकाचं हसू थांबलं. तिने आईचा हात शोधला.

"तू दमायचीस ना," ती म्हणाली. "आधी फॅक्टरी, मग घर, आणि सकाळी हे. मला तुझा श्वास ऐकू यायचा. तो वाढला की मी पाय आवरायचे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

सहा वर्षं कमलाला वाटत होतं की पोरीला आपण धावायला नेतोय. व्हिसाच्या हापिसात लागलं नव्हतं एवढं तिला हे लागलं. तरी तिने रसिकाच्या केसांतली वाळू झटकली, तिची वेणी नीट केली, आणि चालत संस्कृतीपाशी गेली.

"आणखी एक राहिलं सांगायचं," ती म्हणाली. "तिकडे धावताना तोंड मिटून श्वास घे. दमलीस तरी हिला तुझा दम ऐकू येऊ देऊ नको. ऐकू आला की ही थांबते."