चंद्रामावशीच्या वाटचे लाडू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. सांगायचं म्हटलं की जीभच उचलत नाही — आणि आजीचं कौतुक चाललेलं असताना मध्येच हे काढायचं तरी कसं?

कौतुक तर होणारच. कार्ल्याच्या आमच्या घरातून कुणी उपाशी गेलं नाही. रस्त्यावर बस बंद पडली, तर ही बया ड्रायव्हरला हाक मारून पिठलं-भात वाढून मोकळी! आजोबा चिडायचे, "धर्मशाळा काढलीस का गं?" तर म्हणायची, "व्हय. तुमी बी त्यातच जेवताय." पण दिलेल्याचा उच्चार कधी नाही. बोलून दाखवणं म्हणजे तिला वाढलेलं ताट ओढून घेतल्यासारखं वाटायचं. तिच्या याच सवयीनं मी वाचले — सांगते.

डोंगरावरच्या वाडीतली चंद्रामावशी आमच्याकडे भातलावणीला यायची. ती पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा आजीनं डिंकाचे लाडू वळले. गुडघ्यांमुळे तिला डोंगर चढवेना, म्हणून डबा माझ्या हातात दिला. मी सहावीत, उन्हाळ्याची सुट्टी. "तिला दूध उतरंना गं. वाटंत रेंगाळू नगंस."

रेंगाळले. पायथ्याशी मैत्रिणी भेटल्या, ऊन मी म्हणत होतं. एक लाडू खाल्ला, मग अजून एक, मग — काय सांगू? सगळे संपवले आम्ही. फार छान झाले होते. हे अजून आठवतं, याचीच लाज वाटते.

आता डबा रिकामा घरी कसा न्यायचा? आमच्याकडे कुणी कुणाचा डबा रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतातच. आजीनं लगेच ओळखलं असतं. मी जाळीतली करवंदं तोडली, डबा भरला आणि घरी येऊन म्हणाले, "मावशीनं दिलीत."

आजीचे डोळे भरून आले. "पोरीच्या घरात काय न्हाई, तरी डबा भरून धाडला!" करवंदं आधी देवापुढे ठेवली, मग सगळ्यांना वाटली. मीही खाल्ली.

मावशी पुढेही लावणीला येत राहिली. आजी लाडवांबद्दल बोलली नाही. मावशी तरी कशाला विचारेल?

गेल्या वर्षी आजी गेली. मी लोणावळ्याहून आले होते. दहाव्याला मावशी डोंगर उतरून आली आणि माझ्याजवळ बसून ढसाढसा रडली. "लय केलं म्हातारीनं माजं. फकस्त थोरल्याच्या येळंला तिला माजी याद न्हाई आली. म्या वाट बगत व्हते." मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाली, "कामात असंल. इसरली असंल, न्हाई का गं?"

एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंच. आजूबाजूला सगळे नातेवाईक बसले होते — आणि आजी तर आता काही सांगायला येणार नव्हती.

मी मावशीचा हात धरला आणि म्हणाले, "हो मावशी. विसरली असेल."