सबिनाचं खरं उत्तर

"डू यू राइट अ लॉट?" मी विचारलं.

"येस. आय मेंटेन अ डायरी सिन्स माय चाइल्डहूड," सबिना एका दमात म्हणाली आणि पंख्याकडे बघत पुढचं वाक्य आठवू लागली.

त्या आठवड्यात हेच उत्तर मी बॅचमधल्या जवळजवळ प्रत्येकीकडून ऐकलं होतं. वसई स्टेशनजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा इंग्रजीचा क्लास होता. दोन हजार सालानंतर परदेशी हॉस्पिटलांनी इकडच्या नर्सेसची भरती सुरू केली आणि आमच्याकडे त्यांची रांग लागली. नोकरीआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं. बोलण्याची परीक्षा म्हणजे स्पीकिंग टेस्ट. समोर एक एक्झामिनर, मध्ये टेप रेकॉर्डर. सुरुवातीला साधे प्रश्न: घर, काम, सवयी. त्यातच हा एक विषय असे: तुम्ही किती लिहिता, काय लिहिता, पेन आवडतं की कॉम्प्युटर? उत्तर खरं आहे का, हे कुणी तपासत नाही. बोलणं सहज आहे का, एवढंच बघतात. पण पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं आणि तिथे मार्क जातात.

"खरंच डायरी लिहितेस?"

"नाही मॅडम. देसाई सरांनी छापून दिलंय. सगळ्यांनी हेच सांगायचं."

देसाई सर क्लासचे मालक.

"मग तू काय लिहितेस? काहीतरी लिहीत असशीलच ना!"

ती लाजली. मग डावा तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर निळ्या बॉलपेनने बारीक आकडे होते. "हे. बीपी, पल्स, शुगर. राउंडला कागद शोधत बसायला वेळ नसतो. हातावर लिहायचं, मग चार्टवर उतरवायचं. आमची मेट्रन ओरडते, पण ती पण तेच करते."

"हेच इंग्रजीत सांग."

सबिना वसईजवळच्या गिरीज गावची. वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी. शाळा मराठी, नर्सिंग इंग्रजीत. वाचन-लेखनात पक्की, बोलायला लागली की अडखळायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा न थांबता बोलली. तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याने तिचा हात धरून ठेवला आणि सगळे आकडे घामाने पुसले गेले, मग तिने सगळं परत मोजलं, ते सांगितलं. कॉम्प्युटर का नको, तर म्हणाली, "कॉम्प्युटर कॅनॉट कम टु पेशंट्स बेड." व्याकरण थोडं चुकलं. पण मी हसले आणि तीही हसली. मला खात्री वाटली, ही पास होणार.

सरांना ते पटलं नाही. "मॅडम, हातावर लिहिते म्हणे! एक्झामिनरला काय वाटेल?"

"सर, त्याने डायरीवरच उलट प्रश्न विचारला तर?"

"बघा बाबा. तुमची जबाबदारी."

महिनाभर आम्ही तिच्याच आयुष्यातलं तिच्याकडून बोलून घेतलं. चर्चमध्ये रविवारी ती मराठीत प्रार्थना लिहून वाचायची, तेही त्यात आलं.

परीक्षेनंतर ती क्लासमध्ये आली ती थेट माझ्यासमोर बसली. युनिफॉर्म पिशवीत कोंबलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, गेलं."

आदल्या रात्री तिची नाइट होती. सकाळी सोडवणारी नर्स आलीच नाही. शेवटचा राउंड करून ती तशीच धावत मुंबईला गेली. परीक्षा केंद्राच्या दारावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने तिचा हात बघितला.

"व्हॉट इज धिस?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. पण त्याला ते कॉपीचे आकडेच वाटत होते. त्याने वरिष्ठाला बोलावलं. बाकीच्या मुली बघत होत्या. शेवटी हात धुवायला लावून तिला आत सोडलं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. हातावर कॉपी लिहून येणारे येतच असतील. पण बॉलपेनची शाई लगेच जात नाही. तळवा निळा तो निळाच राहिला.

आत एक्झामिनर बाई भल्या होत्या. "लेट्स टॉक अबाउट रायटिंग," त्या म्हणाल्या. "डू यू राइट अ लॉट?"

सबिनाने हात टेबलाखाली घेतला. "नो."

"पेन ऑर कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर."

"व्हाय?"

"इट इज क्लीन."

कॉम्प्युटरला तिने तोवर कधी हात लावला नव्हता. त्यापुढचे सगळे प्रश्न तिने एकेका शब्दात संपवले. मी महिनाभर जे तिच्या तोंडून काढलं होतं, ते सांगितलं तर पकडली जाईन, असं तिला वाटत राहिलं.

बोलण्यात नऊपैकी हवे होते सात. मिळाले सहा. बाकी तिन्ही विषयांत ती पास होती.

पुढच्या वेळी बसली तेव्हा तिला सात मिळाले. पण तोवर त्या हॉस्पिटलची भरती पूर्ण झाली होती. तिच्या वॉर्डातल्या दोघी परदेशी निघून गेल्या. दुसऱ्या भरतीची वाट बघता बघता वडिलांना अर्धांगाचा झटका आला, आणि ती राहिली.

काही वर्षांनी माझ्या आईला ऑपरेशनसाठी ॲडमिट केलं तेव्हा सबिना त्या वॉर्डची इन्चार्ज होती. आईला तिने मायेने सांभाळलं. निघताना मी विचारलं, "पुन्हा परदेशाचं बघायचं नाही का?"

"आता वय गेलं मॅडम," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

नंतरच्या प्रत्येक बॅचची मॉक टेस्ट मी मुलींना ड्यूटीवरून थेट बोलावून घेतली, दमलेल्या अवस्थेत, दारात एक उर्मट माणूस उभा करून. सरांना तो वेळेचा अपव्यय वाटायचा. बोलण्याची परीक्षा खुर्चीत बसल्यावर सुरू होत नाही, दारातच सुरू होते. हे मला उशिरा कळलं. सबिनाला त्याचा काही उपयोग झाला नाही.