चुन्याखालचं निळं फूल
ओल्या चुन्याचा वास आला की मला जर्मनीत बॉबलिंगेनजवळच्या खेड्यातलं ते जुनं, सरकारने वारसा म्हणून संरक्षित केलेलं घर आठवतं. दहाएक वर्षांपूर्वी मी तिथे भाड्याने राहायचो. अंथरुणाला खिळलेल्या घरमालक आजोबांना अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसावं म्हणून आजींना भिंतीत खिडकी पाडायची होती. सरकारी परवानगी तेवढी बाकी होती. त्या भिंतीचा चुना एका जागी फुगला होता. आत काय असेल, म्हणून मी नखाने खरवडलं, तर रंगवलेलं निळं फूल निघालं. "अजून खरवड!" आजोबा म्हणाले. परवानगीसाठी पाहणीला आलेल्या वारसा खात्याच्या बाईंना ते मीच हौसेने दाखवलं. "वा! इतकं जुनं भित्तिचित्र! आता या भिंतीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. वसंतात मी फुललेल्या झाडाचा फोटो आजोबांना दाखवला. "बाहेर वारा आहे का रे?" त्यांनी विचारलं. आजही खिडकी उघडली की मी मनात त्यांना उत्तर देतो.