टिप्याची खीर आणि ह्यांच्यावरचा आळ

माझ्या नवऱ्याने टिप्याला विष घातलं नव्हतं.

हे एवढं एक वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसले होते. आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. आता लिहून टाकते.

आमची सातपूरची कॉलनी, कारखान्यात जाणाऱ्या लोकांची. ऐंशीच्या आसपासची गोष्ट.

शेजारी गयाबाई राहायच्या, एकट्याच. मालक अपघातात गेले, त्यानंतर दारात एक पिल्लू आलं. ते त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. तोच टिप्या.

ह्यांची रातपाळी असायची. सकाळी येऊन पाठ टेकली की टिप्या नेमका खिडकीखाली सुरू. दूधवाल्यावर भुंक, सायकलवर भुंक, कावळ्यावर भुंक.

एकदा हे वैतागून बाहेर आले. नळावर सगळ्या बाया होत्या. त्यांच्यादेखत म्हणाले, "गयाबाई, आवरा ह्याला. नाहीतर एक दिवस औषधच घालतो."

गयाबाई काय कमी होत्या?
"घाला की भास्करराव. पण आधी तुमच्या घोरण्याला औषध बघा. त्यालाच भिऊन भुंकतोय तो."

सगळ्या हसल्या. हे पण हसले.
संध्याकाळी ड्यूटीवर जाताना डब्यातली अर्धी भाकरी टिप्यालाच टाकून गेले.

पण ते कोणी पाहिलं नाही. नळावरचं मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं.

त्याच वर्षी बुद्ध पौर्णिमेला घरोघर खीर झाली. आमच्याकडे रीतच होती, पहिली वाटी मुक्या जिवाला, मग लेकरांना, मग आपण.

गयाबाईंच्या भावाने निफाडकडून बेदाणे आणले होते. मळ्यातली द्राक्षं, घरच्या गच्चीवर वाळवलेली. त्यांनी खिरीत ओंजळ भरून घातले.

मी ओट्यावर त्यांच्या शेजारीच बसले होते. टिप्याने वाटी चाटून लख्ख केली. मग गयाबाई आपल्या वाटीतले बेदाणे वेचून त्याच्यापुढे टाकू लागल्या. ते संपल्यावर घरातून आणखी मूठभर आणले.

"खा रे राजा, सणाचं खा."

केवढ्या मायेने भरवत होत्या.

त्याच संध्याकाळपासून टिप्या ओकायला लागला. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पिईना. मग लघवीच बंद झाली.

गयाबाई त्याला गोधडीत गुंडाळून, रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलंय.

एवढा एक शब्द पुरला.

टिप्या त्यांच्या मांडीवर गेला. तडफडून.

गयाबाई भांडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे सकाळी पाळीवरून यायचे, तेव्हा त्या दारात बसलेल्या असायच्या. फक्त विचारायच्या,

"आता झोप लागते ना, भास्करराव?"

किती महिने.

ह्यांनी सांगून पाहिलं. "गयाबाई, लेकरांची शपथ, मी हातसुद्धा लावला नाही त्याला."
त्या उठून आत जायच्या.

विहारातल्या जेवणाला दरवर्षी वरणाची बादली ह्यांच्याच हातात असायची. पुढच्या वेळी एकाने ती हळूच काढून घेतली. "राहू द्या दादा, पोरं वाढतील." हे पंगतीच्या टोकाला जाऊन बसले. पुन्हा कधी वाढायला उठले नाहीत.

पोरं मागून कुत्रेमार म्हणायची. आमच्या लेकालासुद्धा शाळेत कुत्रेमाराचा म्हणायची.

मला खूप वर्षांनी कळलं.
नातीने कुत्रं पाळलं. मी शिऱ्यातला बेदाणा त्याला टाकायला गेले तर तिने माझा हातच धरला.
"आजी, नको! द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विष असतात. किडनी जाते. व्हेटने सांगितलंय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

नात गेल्यावर मी चप्पल घालायला लागले. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते गयाबाईंना."

"काय सांगशील?"

"खरं ते."

"म्हणजे, तुम्हीच मारलात म्हणून? स्वतःच्या हाताने भरवून?" हे म्हणाले. "बाईला दुसरं कोण आहे गं? मला काय, सवय झालीय. तिला सोसायचं नाही. ती असेपर्यंत बोलायचं नाही तू."

मी खूप भांडले. मला ते पटलं नव्हतं. खरं सांगू, आजही पटत नाही. एकीला वाचवायला स्वतःचं नाव घाण राहू द्यायचं, आणि लेकाचंही?

पण शब्द दिला होता.

गेल्या वर्षी ह्यांना शेवटचं अंगणात ठेवलं, तेव्हा गयाबाई काठी टेकत आल्या. फाटकापाशी उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. फूल वाहिलं नाही. थोडा वेळ बघितलं आणि परत फिरल्या.

तेव्हा ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी पदर तोंडात कोंबला.

गेल्या महिन्यात गयाबाई गेल्या. काही न कळता गेल्या. ह्यांना तेच हवं होतं.

आता माझा शब्द संपला.

बायांनो, पोरांनो, सण येतोय. मुक्या जिवाला वाटी जरूर काढा. पण खिरीत काही पडायच्या आधी साधा भात बाजूला काढा, बिनमिठाचा. बेदाणे, मनुका, द्राक्षं एकसुद्धा नको. चॉकलेट नको. कांदा-लसणाचा रस्सा नको. शिजलेली हाडं नको, ती आतडी फाडतात. गयाबाईंनी मायेनेच घातलं होतं, हे विसरू नका. त्यांना कोणी नावं ठेवू नका. कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि त्या पंगतीतले जे कोणी अजून हयात आहेत, त्यांनी हे दोनदा वाचा.

अहो, तुम्ही रागवाल, माहीत आहे. रागवा. पण लेकाला, नातीला तुमचं नाव मला स्वच्छ करून द्यायचं होतं.

तुम्हाला माझी आणि लेकरांची आदरांजली.