आईने सोडलेलं गिऱ्हाईक

खापरचा आठवडे बाजार आठवला की मला आधी आईचं गोणपाट दिसतं. त्यावर बसून ती बायकांच्या हातात बांगड्या भरायची. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासारणीचं, हा रिवाजच होता. गावातल्या मोठ्या घरची बाई मुद्दाम हात आखडायची आणि बांगड्या फुटल्या की हसायची. आई सोसत होती, कारण त्या घरच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्या लग्नाच्या बांगड्यांवर आमचा पावसाळा निघणार होता.

एका बाजारी आई डोंगरातून आलेल्या भिल्ल बाईला बांगड्या भरत होती. मोठ्या घरची बाई आली, तिला उठवून स्वतः समोर बसली.

"आधी हात धू, मंग मन्हा हात धर."

"माय, मन्हा हात ह्याच शेतस," आई म्हणाली. "तू दुसरी कासारीण देखी ले."

आणि तिने भिल्ल बाईला परत बोलावून समोर बसवलं. समतेची पत्रकं वाचून पेटलेल्या मी मनातल्या मनात जयजयकार केला.

त्या लग्नाला त्यांना थेट शहाद्याहून कासारीण आणावी लागली. वाजंत्री आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येत होती.

"बरी खोड मोडली त्यांची!" मी म्हणालो.

आई मात्र, बांगडी जिथे अडते ते आपल्या अंगठ्याचं मूळ दाबत बसली होती. त्या मुलीला पाळण्यात असल्यापासून तिनेच बांगड्या भरल्या होत्या.

"तिना अंगठा कडक शे रे भाऊ," ती म्हणाली. "नवी कासारीण पोरले रडाई टाकी."