लाइन तोड की विसर्जन

मुलाच्या दिल्लीतील सरोजिनी नगरमधील सरकारी क्वार्टरमध्ये सकाळी मी संध्येला बसे, आणि त्याच वेळी गॅलरीत माझी नात फडक्याने बूट घासत बसे. ती बी.ए.ला होती आणि कॉलेजच्या एनसीसीतही होती. सैन्यात अधिकारी होणे, हा तिचा एकमेव ध्यास होता.

एकदा मी तिची परेड पाहायला गेलो. पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला तेथील आज्ञांत ओळखीचे शब्द भेटले: सावधान, विश्राम. अखेरीस कवायत घेणारे उस्ताद गरजले, "विसर्जन!" सारी मुले उजवीकडे वळली, सॅल्यूट करून पांगली. माझ्या अंगावर काटा आला.

"विसर्जन देवाचे असते, बाळ," मी तिला म्हणालो.

"आजोबा, यार, तुमचं संस्कृत इथे नका ना आणू!"

"आजोबांना यार म्हणू नये."

"सॉरी सर!" ती हसली. "हे बघा. 'लाइन तोड' म्हणजे थोडा ब्रेक, परत रांगेत यायचं. 'विसर्जन' म्हणजे खतम. घरी जा."

तेव्हापासून घरात तीच परिभाषा रूढ झाली. मी पानावरून उठलो, की ती विचारी, "लाइन तोड की विसर्जन?"

पुढे सैन्याच्या मुलाखतीत तिची निवड झाली. वैद्यकीय तपासणीत मात्र तिला डाव्या कानाने फार कमी ऐकू येते, असे निघाले. फोन ती नेहमी उजव्याच कानाला लावी. आम्ही ती सवय समजत आलो होतो. तिने दाद मागितली. फेरतपासणीचा दिवस नेमका आमच्या गणपतीच्या निरोपाचा आला.

दुपारी तिचा फोन आला. 'अपात्र' हा शब्द माझ्या जिभेवर येईना. मी विचारले, "लाइन तोड की विसर्जन?"

 ती म्हणाली, "विसर्जन, आजोबा. पूजेला थांबा माझ्यासाठी."

आम्ही थांबलो. संध्याकाळी ती आली, हातपाय धुऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून किंचित सरकवली. त्या क्षणी मूर्तीतील देवत्व निघून जाते, अशी आमची श्रद्धा आहे.

"झालं? आता नुसती माती?" तिने विचारले.

"नुसती माती."

"मग 'पुढच्या वर्षी लवकर या' हे आपण कोणाला म्हणतो?"

एरवी मी या प्रश्नावर तासभर बोललो असतो.

यमुनेत मूर्ती सोडायला मनाई आहे, म्हणून अंगणात पाण्याची बादली भरून ठेवली होती. दरवर्षीप्रमाणे मूर्ती तिनेच उचलली आणि पाण्यात सोडली. मुलाने जयघोष केला. तिचे ओठ मिटलेलेच होते. मी तिच्या डाव्या बाजूला होतो. हलकेच तिला हाक मारली.

तिने मान वळवली नाही. मी पुन्हा हाक मारली नाही.